खडक राहिला, आरमार गेले

डिसेंबर १७५५. विजयदुर्गासमोरच्या पाण्यात ईस्ट इंडिया कंपनीची तीन जहाजे घिरट्या घालत होती : ‘प्रोटेक्टर’, ‘रिव्हेंज’ आणि ‘गार्डियन’. ती लढायला आलेली नव्हती. किल्ला नीट न्याहाळायचा आणि शिसे सोडून पाण्याची खोली मोजून आणायची, एवढेच काम मुंबईकर इंग्रजांनी कमोडोर विल्यम जेम्सला सांगितले होते. जेम्स परतला तो चकित होऊन. या किल्ल्याबद्दल मुंबईत जे काही ऐकले होते, त्याच्याशी डोळ्यांनी पाहिलेले जुळत नव्हते. किल्ला सांगतात तेवढा उंच नाही, आपल्या मते तेवढा बळकटही नाही आणि मोठी लढाऊ जहाजे थेट तोफेच्या टप्प्यात नेण्याइतके पाणी तिथे आहे, असे त्याने कळवले.

विजयदुर्गाभोवती दगडी तट होतेच, पण त्यांच्याही बाहेर आणखी एक तट होता. तो होता दराऱ्याचा. तो चाळीस वर्षे टिकला होता. जेम्सच्या शिशाच्या गोळ्याने सगळ्यांत आधी तो पाडला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत मराठ्यांच्या सर्वांत मोठ्या आरमाराची एका दुपारीत राख झाली. ती राख होताना पेशव्यांची फौज किल्ल्याच्या पाठीशी छावणी टाकून बसली होती आणि ज्यांनी गोळे डागले ते पेशव्यांच्याच बोलावण्यावरून आले होते.

कातळ आणि खाडी

वाघोटन खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे तिच्या दक्षिण अंगाला गिर्ये गावाकडून कातळाची एक सोंड पाण्यात शिरते. वर जांभ्याचा उघडा सडा, खाली लाटांनी धुतलेले काळे खडक. या सोंडेच्या टोकावर विजयदुर्ग उभा आहे. तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला जमिनीची चिंचोळी पट्टी. ती पट्टीही खंदकाने तोडलेली होती. परंपरेने किल्ल्याचे मूळ शिलाहार राजा भोज दुसरा याच्यापर्यंत नेले जाते. पण आज दिसणारा तिहेरी तटबंदीचा, भक्कम बुरुजांचा पसारा घडला तो शिवकाळात आणि त्यानंतर आंग्र्यांच्या कारकिर्दीत. इंग्रज या जागेला घेरिया म्हणत.

मुंबईहून दक्षिणेला निघालेल्या जहाजाला हा किनारा सोपा नव्हता. एकामागून एक डोंगरांची नाकाडे समुद्रात आलेली, मध्ये खाड्या, खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे, पाण्याखाली दडलेले खडक. मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद. अशा किनाऱ्यावर विजयदुर्गाचे मोल तटापेक्षाही त्याच्या आडोशाच्या पाण्यात होते. वाघोटनची खाडी खोल आहे आणि डोंगरांमुळे वाऱ्यापासून सुरक्षित आहे. पावसाळ्यात आरमार आत नेऊन ठेवता येई आणि भरतीच्या पाण्यावर मोठे जहाजही आत घेता येई. गिर्ये-रामेश्वरच्या बाजूला कातळ खोदून केलेली, सुमारे शंभर मीटर लांबीची गोदी आजही पाहायला मिळते. भरतीला जहाज आत घ्यायचे, ओहोटीला पाणी उतरले की तळ खरवडायचा, फळ्या बदलायच्या, सांध्यांत भर घालायची. किल्ला हे या कारखान्याचे कुलूप होते.

या कारखान्यातून निघणारी जहाजे विलायती जहाजांसारखी नव्हती. गुराब रुंद, उथळ तळाची, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. तिची नाळ पुढे निमुळती आणि सखल, तिच्यावरून थेट समोर डागायच्या तोफा. गलबत त्याहून लहान, शिडाबरोबर चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारे. वारा पडला की इंग्रजांचे उंच जहाज जागच्या जागी डोलत राही आणि गलबते वल्ही मारत गुराबांना दोराने ओढून त्याच्या पिछाडीला आणून उभी करत. पिछाडीला तोफा कमी असतात. तिथून डोलकाठ्या आणि दोरखंड यांवर मारा करायचा, जहाज लंगडे करायचे, मग चहूबाजूंनी माणसे वर चढवायची. ही लढाई उघड्या समुद्रात, वाऱ्याचा अंदाज घेऊन करायची होती. एका जागी नांगर टाकून समोरासमोर तोफा चालवणे हा तिचा धर्मच नव्हता. पुढे जे घडले ते समजायला एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

दस्तक कोणाचे?

कान्होजी आंग्रे याला इंग्रजांनी आयुष्यभर चाचा म्हटले. त्याचे म्हणणे साधे होते : कोकणच्या समुद्रातून जायचे तर माझे दस्तक घ्या. त्यात नवे काही नव्हते. पोर्तुगीज दोनशे वर्षे हिंदी व्यापाऱ्यांना परवाने विकत आले होते, परवाना नसलेले जहाज जप्त करत आले होते. इंग्रजही आपले परवाने देत. कान्होजीने तोच कायदा उलट दिशेने लावला. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथाने त्याला शाहू महाराजांच्या बाजूला वळवले आणि सरखेलीची, म्हणजे आरमाराच्या सेनापतिपदाची, वस्त्रे त्याच्याकडे कायम झाली. छत्रपतींचा सरखेल समुद्रावर कर मागतो, तेव्हा तो लुटारू नसतो, दर्यावरचा अंमलदार असतो.

हा हक्क कागदावर राहिला नव्हता. १७१२ च्या अखेरीस मुंबईच्या गव्हर्नरचे खासगी जहाज कान्होजीच्या आरमाराने पकडले. त्यावर कारवारच्या वखारीचा प्रमुख चाऊन आणि त्याची तरुण बायको होती. झटापटीत चाऊन मारला गेला. त्याच्या विधवेला सोडवायला कंपनीला तीस हजार रुपये मोजावे लागले आणि १७१३ मध्ये कान्होजीशी तहही करावा लागला.

तह टिकला नाही. चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाल्यावर त्याने आंग्र्यांना मुळातून उखडायचे ठरवले. १७१७ मध्ये इंग्रजांचे आरमार विजयदुर्गावर आले. तटावर मारा करून काही होईना. माणसे उतरवली तर निसरड्या कातळावर पाय ठरेना आणि शिड्या अपुऱ्या पडल्या. १७२० मध्ये पुन्हा स्वारी झाली. या वेळी ‘फ्राम’ नावाचा सपाट तळाचा तरंगता तोफखाना मुद्दाम बांधून आणला होता. त्याचे गोळे किल्ल्यापर्यंत धड पोचेनात. १७२४ मध्ये डच सात जहाजे घेऊन आले आणि तेही हात हलवत परतले. या तिन्ही स्वाऱ्यांनी तटाचे चिरे फारसे हलले नाहीत. मात्र प्रत्येक पराभवानंतर मुंबईतल्या गप्पांमध्ये हा खडक आणखी थोडा उंच होत गेला.

तुळाजी आणि पेशवे

कान्होजी १७२९ मध्ये वारला. त्याच्या मागे मुलांत भाऊबंदकी सुरू झाली. सेखोजी लवकर गेला. संभाजी आणि मानाजी यांच्यात वाटण्या झाल्या आणि पेशव्यांनी त्या वाटण्यांना हातभार लावला. कुलाब्याला मानाजी, सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाकडे संभाजी, असे घर दुभंगले. संभाजीनंतर विजयदुर्ग त्याचा भाऊ तुळाजी याच्याकडे आला. १७४५ मध्ये त्याने जंजिऱ्याच्या सिद्द्याकडून अंजनवेल घेतला. ही कामगिरी मोठी होती. साताऱ्याला त्याचे कौतुक झाले.

पण तुळाजी कौतुकाने बांधला जाणारा माणूस नव्हता. शाहू महाराज होते तोवर त्यांचे नाव तरी वर होते. १७४९ मध्ये ते गेले आणि सारी सत्ता पुण्याला, नानासाहेब पेशव्यांच्या हाती आली. सरखेल छत्रपतींचा चाकर. पेशवाही छत्रपतींचाच चाकर. मग एका चाकराने दुसऱ्यासमोर का वाकायचे? तुळाजीचा हिशोब असा होता. पेशव्यांचा मुलूख, पंत अमात्यांचा मुलूख, सावंतांचा मुलूख, कोणाचीही गय त्याने केली नाही. कोकणातल्या ब्राह्मणांचे आणि रयतेचे त्याने केलेले हाल पेशवे दप्तराच्या कागदांत पुन्हा पुन्हा येतात. त्यातला काही भाग शत्रूच्या लेखणीचा असेल, पण सगळाच तसा म्हणता येत नाही.

समुद्रावर मात्र तो बापाच्या तोडीचा होता. १७४९ मध्ये कंपनीचे ‘रेस्टोरेशन’ हे सज्ज जहाज त्याने पकडले आणि विजयदुर्गाला आणून आपल्या आरमारात घातले. १७५४ मध्ये त्याच्या गुराबांनी डचांच्या तीन जहाजांना गाठले. दोन जळाली, तिसरे हाती लागले. या उन्मादात त्याने विजयदुर्गाजवळ आणखी मोठी जहाजे बांधायला घेतली.

नानासाहेबांची अडचण खरी होती. जमिनीवरून त्यांचे सरदार तुळाजीची ठाणी घेऊ शकत होते, पण समुद्रात उभे असलेले दुर्ग घ्यायला आरमार हवे आणि मोठे मराठी आरमार होते ते तुळाजीकडेच. कोकणचा सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर याने इंग्रजांशी बोलणी लावली. मार्च १७५५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर रिचर्ड बूर्शिए याच्याशी तह झाला. मोहिमेतले आरमार इंग्रजांच्या हुकमतीखाली चालेल आणि त्याबद्दल बाणकोट इंग्रजांना मिळेल, हे त्यातले महत्त्वाचे. शंभर वर्षांपूर्वी शिवाजी महाराजांनी जे आरमार उभे केले ते सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज यांना किनाऱ्यावर मोकळे रान राहू नये म्हणून. आता त्याच किनाऱ्यावर समुद्राची आघाडी लेखी करार करून इंग्रजांकडे सोपवली जात होती.

एप्रिल १७५५ मध्ये जेम्सने सुवर्णदुर्गासमोर जहाजे उभी केली. त्याच्या गोळ्याने किल्ल्यात आग लागली, दारूकोठार उडाले आणि किल्ला पडला. ठरल्याप्रमाणे तो पेशव्यांना मिळाला. पावसाळा आला, मोहीम थांबली. पुण्यात वाटले असेल, की विजयदुर्गही असाच हाती येईल.

मुंबईत जमलेले पाहुणे

त्या पावसाळ्यानंतर मुंबईचे चित्र बदलले. रॉबर्ट क्लाइव्ह विलायतेहून नवी पलटण घेऊन आला. मराठ्यांच्या मदतीने दख्खनमधल्या फ्रेंचांवर, म्हणजे बुसीवर चालून जायचे, ही त्याच्या येण्यामागची योजना. पण मद्रासकडे इंग्रज-फ्रेंचांचा तात्पुरता समेट झाला होता आणि मुंबईकरांनी ती योजना गुंडाळली. त्याच सुमारास ॲडमिरल चार्ल्स वॉटसन राजाचे आरमार घेऊन मुंबईला पोचला. आजवर विजयदुर्गावर आली होती ती कंपनीची जहाजे. वॉटसनचे आरमार इंग्लंडच्या राजाचे होते. ‘केंट’वर सत्तर तोफा, ‘कंबरलँड’वर साठाहून अधिक, ‘टायगर’वर साठ, ‘सॉल्झबरी’वर पन्नास. अशी जहाजे कोकणच्या या टोकाने कधी पाहिली नव्हती. एवढे सैन्य आणि एवढी जहाजे मुंबईत बिनकामाची बसली होती आणि जेम्सचा खोलीचा तक्ता टेबलावर तयार होता.

निघण्यापूर्वी मुंबईत एक बैठक झाली. विषय लढाईचा नव्हता, लुटीच्या वाटणीचा होता. ॲडमिरलला किती, कप्तानांना किती, शिपायांना किती, सारे कागदावर आले. क्लाइव्हला जहाजाच्या कप्तानाइतकाच वाटा ठरला आणि त्यावरून फौजेचे लोक कुरकुरले. वॉटसनने आपल्या वाट्यातून भरपाई करण्याची तयारी दाखवली, क्लाइव्हने ती नम्रपणे नाकारली. ही सौजन्याची गोष्ट इंग्रज लेखक आवडीने सांगतात. त्या कागदावर पेशव्यांच्या नावाचा वाटा नव्हता, हे मात्र ओझरते सांगतात.

७ फेब्रुवारी १७५६ ला आरमार मुंबईहून निघाले. राजाची जहाजे, कंपनीची जहाजे, गरनाळा चढवलेली बाँबफेकी गलबते, वर गोरे आणि काळे शिपाई. चार दिवसांत विजयदुर्ग समोर आला.

तिथे पोचताच वॉटसनला कळले, की तुळाजी किल्ल्यात नाही. रामाजी महादेव आणि खंडोजी माणकर यांच्या फौजा जमिनीच्या बाजूने आल्या होत्या. तुळाजी किल्ला एका नातलगाच्या हवाली करून मराठ्यांच्या छावणीत बोलणी करायला गेला होता. घरचे भांडण घरात मिटण्याची ही शेवटची वेळ होती. किल्ला बिनरक्तपात पेशव्यांकडे गेला असता तर आरमारही त्यांच्याकडे गेले असते. वॉटसनच्या दृष्टीने याचा अर्थ वेगळा होता : किल्ला मराठ्यांना मिळाला तर लूटही गेली. त्याने किल्लेदाराला शरण येण्याचा निरोप धाडला, उत्तर लांबले आणि त्याने वाट पाहायची नाही असे ठरवले.

१२ फेब्रुवारी

फेब्रुवारीत या किनाऱ्यावर सकाळी जमिनीकडून मतलई वारा वाहतो आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो. इंग्रज त्या खाऱ्या वाऱ्याची वाट पाहत थांबले. दुपारी शिडे भरली तेव्हा जहाजे दोन रांगांनी खाडीच्या तोंडाकडे सरकली. एक रांग किल्ल्यासमोर, दुसरी आंग्र्यांचे आरमार आणि गोदी यांच्या बाजूला. बुरुजांवरून तोफा सुटल्या. इंग्रजी जहाजांनी गोळे अंगावर घेत जागा धरली, नांगर टाकले आणि बाजू फिरवून मारा सुरू केला.

आता आंग्र्यांचे आरमार कुठे होते? तटाखालच्या पाण्यात, एकमेकांना बांधलेले. ज्या गुराबांचे सारे बळ मोकळ्या पाण्यात, वाऱ्याच्या खेळात, पिछाडी गाठण्यात होते, त्या खाडीत गच्च उभ्या होत्या. बाहेर पडायला वाट नव्हती, कारण वाटेवर साठ-सत्तर तोफांची जहाजे होती आणि वारा तोंडावर होता. खडकाचा जो आडोसा अर्धशतक आरमाराला राखत आला, त्याच आडोशात ते कोंडले गेले. आणि बाहेर काढायची आज्ञा ज्याने द्यायची, तो धनी छावणीत बसला होता.

चार वाजून गेल्यावर एक कुलपी गोळा ‘रेस्टोरेशन’वर पडला. सात वर्षांपूर्वी इंग्रजांकडून जिंकून आणलेले तेच जहाज. ते पेटले. त्याच्यावरून आग शेजारच्या गुराबेवर गेली, तिथून पुढच्या. डांबर, तेल, सुकलेले सागवान, काथ्याचे दोर, शिडांचे कापड, पोटात दारू. संध्याकाळपर्यंत तुळाजीच्या गुराबा जळून पाण्याच्या पातळीला आल्या होत्या. गलबतांचे तांडे गेले. किनाऱ्यावर बांधणीला चढवलेली मोठी जहाजेही पेटली. इतकी वर्षे जमवलेले आरमार काही तासांत संपले. समोरच्या शत्रूच्या एकाही जहाजावर माणूस चढवण्याची संधी त्याला मिळाली नाही.

गरनाळांचा मारा रात्रभर चालला. किल्ल्यातही आगी लागल्या. अंधारात क्लाइव्हने फौज किनाऱ्यावर उतरवली आणि ठाणे मांडले ते किल्ला आणि मराठ्यांची छावणी यांच्या मध्ये. तिची पाठ दोस्तांकडे होती आणि काम दोस्तांना अडवण्याचे होते. मराठ्यांचे लोक इंग्रजांच्या आधी किल्ल्यात शिरू नयेत, एवढ्यासाठीच ती नाकेबंदी. दुसऱ्या दिवशी, १३ फेब्रुवारीला, बोलण्यांत वेळ जातो आहे असे पाहून पुन्हा तोफा चालल्या. दिवस मावळायच्या सुमारास पांढरे निशाण वर गेले. इंग्रजांच्या बाजूने मेलेले आणि जखमी मिळून जेमतेम वीस माणसे. चाळीस वर्षांत तीन स्वाऱ्यांना दाद न देणारा किल्ला इतका स्वस्त पडला.

किल्ल्यात दोनशेच्यावर तोफा, पितळी गरनाळा, दारूगोळ्याचा मोठा साठा आणि सुमारे दहा लाखांचा ऐवज मिळाला. वाटणी मुंबईत ठरल्याप्रमाणे झाली.

‘केंट’वरचा शल्यवैद्य एडवर्ड आइव्ह्ज याने पुढे या प्रवासाची हकिगत पुस्तकरूपाने छापली. तो सांगतो, की वॉटसन किल्ल्यात तुळाजीच्या कुटुंबाला भेटायला गेला तेव्हा तुळाजीची आई रडत म्हणाली, की आता लोकांना राजा राहिला नाही आणि लेकरांना बाप राहिला नाही. वॉटसनने त्यांचा सांभाळ करण्याचे वचन दिले, तेव्हा सहा वर्षांच्या मुलाने त्याचा हात धरला आणि मग तुम्हीच माझे वडील, असे म्हटले. ॲडमिरलच्या डोळ्यांत पाणी आले, असे आइव्ह्ज लिहितो. आपल्या सेनापतीवर माया असलेल्या माणसाचे हे लिखाण आहे, हे ध्यानात ठेवून ते वाचावे. पण त्या घरातल्या बायका-मुले इंग्रजांच्या हाती आणि घरधनी मराठ्यांच्या हाती, ही वस्तुस्थिती त्यात खरी आहे. तुळाजीला पेशव्यांनी सोडले नाही. पुढचे आयुष्य त्याने त्यांच्या किल्ल्यांवर कैदेत काढले आणि कैदेतच तो वारला.

आठ महिन्यांची ओढाताण

ठरल्याप्रमाणे किल्ला द्या, असे पेशव्यांचे म्हणणे. तुमच्या माणसांनी आम्हाला वगळून तुळाजीशी बोलणी केली, करार तुम्हीच मोडलात, असे इंग्रजांचे उत्तर. मुंबईकरांच्या मनात विजयदुर्ग आपल्याकडेच ठेवायचा होता. बाणकोटच्या बदल्यात तो घ्यावा, असेही त्यांनी सुचवून पाहिले. नानासाहेब बधले नाहीत. अखेर ऑक्टोबर १७५६ मध्ये पुण्याला तह झाला. विजयदुर्ग पेशव्यांकडे आला, बाणकोट आणि आसपासची गावे इंग्रजांकडे कायम झाली आणि डचांना मराठी मुलखात व्यापार करू द्यायचा नाही, हेही पेशव्यांनी मान्य केले. म्हणजे आंग्र्यांविरुद्ध घेतलेल्या मदतीच्या किमतीत इंग्रजांनी आपला एक व्यापारी प्रतिस्पर्धीही मराठ्यांच्याच हातून दूर केला.

पुण्यात हा तह होत होता तेव्हा वॉटसन आणि क्लाइव्ह कोकण सोडून गेले होते. जूनमध्ये बंगालचा नवाब सिराजउद्दौला याने कलकत्ता घेतली होती. ती परत घ्यायला मद्रासहून जे आरमार निघाले त्यात ‘केंट’, ‘टायगर’, ‘सॉल्झबरी’ होती. २ जानेवारी १७५७ ला कलकत्ता पडली. मार्चमध्ये याच तीन जहाजांनी चंद्रनगरच्या फ्रेंच किल्ल्यासमोर नदीत नांगर टाकून मारा केला. ‘केंट’ची तिथे अशी चाळण झाली, की ती पुन्हा समुद्रात जाऊ शकली नाही. जूनमध्ये प्लासी झाली. ऑगस्टमध्ये वॉटसन कलकत्त्यातच आजाराने वारला.

वेस्टमिन्स्टर ॲबीत कंपनीने त्याचे स्मारक उभारले. त्यावर कलकत्ता आणि चंद्रनगर यांच्या जोडीला घेरियाचे नाव आणि १३ फेब्रुवारी १७५६ ही तारीख कोरलेली आहे. विल्यम जेम्सच्या विधवेने लंडनजवळच्या शूटर्स हिलवर १७८४ मध्ये नवऱ्याच्या स्मरणार्थ त्रिकोणी बुरूज बांधला. त्याचे नाव सेव्हर्नड्रूग कॅसल, म्हणजे आपला सुवर्णदुर्ग. तो आजही उभा आहे. इंग्रजांच्या लेखी कोकणचे हे दोन दिवस बंगालच्या रांगेत बसणारे होते.

हिशोब

पेशव्यांनी मराठ्यांचे आरमार बुडवले, असे सरधोपट वाक्य आपल्याकडे नेहमी म्हटले जाते. त्यात राग खरा आहे, हिशोब अपुरा आहे. गोळा इंग्रजांचा होता आणि आरमार जाळण्याचा पेशव्यांचा बेत नव्हता. तुळाजी आवरला जाणे गरजेचे होते, हेही नाकारता येत नाही. चूक शत्रू निवडण्यात नव्हती, कामाची वाटणी करण्यात होती. जमीन आमची, समुद्र तुमचा, असा करार नानासाहेबांनी केला. त्यांच्या नजरेत विजयदुर्ग हा एक किल्ला होता, आणि किल्ला घ्यायचा तर तो मोकळा करून ताब्यात घ्यायचा, ही जमिनीवरची रीत. इंग्रजांच्या नजरेत विजयदुर्ग म्हणजे खाडीत बांधलेल्या गुराबा होत्या. दोघांनाही हवे ते मिळाले. पेशव्यांना खडक मिळाला आणि इंग्रजांना त्या खडकाला अर्थ देणारे आरमार नाहीसे करून मिळाले.

मग सगळेच संपले का? नाही. विजयदुर्गाला पेशव्यांनी आपले आरमार ठेवले, गोदीत पुन्हा जहाजे बांधली जाऊ लागली, आणि धुळपांच्या घराण्यात आरमाराची सुभेदारी आली. सुतार, तांडेल, खलाशी, गोलंदाज ही माणसे एका आगीत संपत नसतात. आनंदराव धुळपांनी ते दाखवूनही दिले. ८ एप्रिल १७८३ ला त्यांच्या आरमाराने कंपनीचे ‘रेंजर’ हे जहाज आणि त्याच्या सोबतची गलबते गाठली. टिपूविरुद्धच्या मोहिमेवर निघालेले बडे इंग्रज अंमलदार त्यावर होते. तुंबळ लढाई झाली. इंग्रजांचे अंमलदार पडले, कर्नल हंबरस्टन जबर जखमी झाला. ‘रेंजर’ला विजयदुर्गाला ओढून आणण्यात आले. महिनाअखेर हंबरस्टन तिथेच वारला. गुराबांची जुनी विद्या त्या दिवशी पुरेपूर कामी आली होती.

पण ही लढाई झाली तेव्हा सालबाईचा तह होऊन इंग्रज-मराठ्यांचे युद्ध मिटले होते. इंग्रजांनी जाब विचारला आणि पुणे दरबाराने पकडलेली जहाजे परत केली. १७१३ मध्ये कान्होजीने पकडलेली माणसे सोडवायला मुंबईच्या गव्हर्नरने तीस हजार रुपये मोजले होते आणि तह मागितला होता. सत्तर वर्षांनी त्याच किनाऱ्यावर जिंकलेले जहाज मराठ्यांनी मुकाट्याने परत केले. धुळपांचे खलाशी कान्होजीच्या खलाशांपेक्षा कमी शूर नव्हते. मधल्या काळात गेला होता तो या समुद्रातून जाणाऱ्याला दस्तक विचारण्याचा हक्क. १७५५ च्या तहात तो कोणी लिहून दिला नव्हता, पण आरमाराची हुकमत इंग्रजांकडे देताना तोही हातचा गेला. विजयदुर्ग १८१८ पर्यंत मराठ्यांकडे होता. आरमारही होते. फक्त त्यांच्या नावाने कर मागणारा सरखेल पुन्हा झाला नाही.